मडकं, डालड्याचा डबा आणि काळी पिशवी



पाऊस उघडलाय, पण रानात वाफसा नाही. त्यामुळं दोन दिवस घरीच आहे. आमच्या सूनबाईनं नव्या स्लॅबवर भाजीपाला लावायचं मनावर घेतलंय. काल चहा देता देता विचारलं, "मामा, कुंड्या कोणत्या आणू? मातीच्या, का प्लॅस्टिकच्या, का त्या नव्या कापडी पिशव्या?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला २०१७ चा मे महिना आठवला.

२००९ साली मी केसर आंब्याची ६० कलमं लावली. रोपवाटिकेत दोन ढीग होते. एक गुडघ्याएवढ्या रोपांचा, एक छातीएवढ्या रोपांचा. भाव जवळजवळ सारखाच. मी काय केलं असेल? उंच रोपं उचलली. म्हणलं, दोन वर्षं आधीच वाढलेलं झाड मिळतंय, सोडायचं कशाला. ती रोपं त्याच बारक्या पिशवीत दोन-तीन वर्षं उभी होती, हे दिसत होतं, पण त्याचा अर्थ मला लागत नव्हता.

आठव्या वर्षी वळवाचं वारं आलं आणि ११ झाडं आडवी झाली. फळाला आलेली झाडं. बांधावरची बोर, बाभळ जागची हलली नाही आणि आंबे मात्र मुळासकट उलटले. बुंध्याशी माती झटकून पाहिली तर मुळ्यांची चुंबळ. बायका घागरीखाली डोक्यावर ठेवतात तशी, गोल गुंडाळलेली, बरोबर पिशवीच्या मापाची. पिशवी मी लावतानाच फाडून टाकली होती. तरीबी झाड आठ वर्षं त्या पिशवीतच राहिलं होतं.

तेव्हापासून मी या कुंडीच्या, डब्याच्या, पिशवीच्या मागं लागलोय. झाड भांड्यात लावायची रीत कुठनं आली, कशासाठी आली, आणि आपण ती कुठं चुकवली? आज तेच लिहितो. सूनबाईचं उत्तर त्यातच आहे.

आपल्याकडं मुद्दाम विकत आणलेली कुंडी ही अलीकडची गोष्ट. माझ्या लहानपणी गावात कुंभार बलुतेदार होता. खळ्यावर त्याला धान्याचं बलुतं जायचं आणि वर्षभर घरात माठ, घागर, रांजण, चुलीवरची भांडी यायची. या भांड्यांत झाड लावायला कुणी नवं मडकं देत नव्हतं. माठाला तडा गेला, रांजणाचा काठ फुटला की त्याचा खालचा भाग परसात जायचा. त्यात ओवा, पुदिना, कधी मिरचीचं एखादं झाड. तडा आधीच असल्यामुळं पाणी साचत नव्हतं. मातीचं भांडं श्वास घेणारं, त्यामुळं मूळ कुजत नव्हतं. हे कुणी ठरवून केलं नव्हतं, पण जमून गेलं होतं.

तुळशीची गोष्ट वेगळी. तिला वृंदावन. जुन्या वाड्यातलं वृंदावन नीट बघा. बऱ्याच ठिकाणी ते आतनं पोकळ असतं आणि मातीचा संबंध थेट खालच्या जमिनीशी असतो. म्हणजे दिसायला कुंडी, पण मुळाला वाट मोकळी. म्हणून ती तुळस वर्षानुवर्षं टिकते आणि बाजारातल्या वीतभर कुंडीतली तुळस उन्हाळ्यात माना टाकते.

वैशाखात तुळशीवर गळती बांधायची रीत तुम्हाला माहीत असंल. परळीच्या वैजनाथाच्या जिल्ह्यातली माणसं आपण, पिंडीवरची गळती आपल्याला सांगायला नको. तळाला बारीक भोक पाडलेलं मडकं, त्यातनं थेंब थेंब पाणी. ठिबक आपण आता अनुदानात घेतो, पण थेंबाची अक्कल घराघरातल्या बायकांकडं आधीपासून होती.

मडक्यानं झाड जगवायचं हे ज्ञान एकट्या आपलं नाही. चीनमधी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी फान शेंगझी नावाच्या माणसानं शेतीवर पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं खरबुजाच्या खड्ड्यात मधोमध पाण्याचं मडकं पुरायला सांगितलंय. तोंड जमिनीबरोबर, भोवती चार बिया. मडक्यातलं पाणी झिरपतं, मूळ ओल शोधत मडक्याला बिलगतं. आपण त्याला मटका सिंचन म्हणतो आणि दुष्काळात बांधावरची झाडं जगवायला आजबी करतो. यात एक गोष्ट ध्यानात घ्या. मडकं पाण्याला, आणि झाड जमिनीत. मूळ मडक्याच्या बाहेर आहे.

दुसरी गोष्ट रोमची. आपल्या शेजारी धाराशिव जिल्ह्यातलं तेर, म्हणजे जुनं तगर. त्याचं नाव पहिल्या शतकातल्या ग्रीक भाषेतल्या व्यापारी पुस्तकात आलेलं आहे. तिथला माल भडोच बंदरावर जायचा आणि पुढं रोमन लोकांपर्यंत पोहोचायचा. त्या रोमन लोकांमधी काटो नावाचा एक मोठा शेतकरी-पुढारी त्याच्याही आधी, इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात होऊन गेला. त्यानं शेतीवर लिहिलेलं पुस्तक आजबी वाचायला मिळतं. त्यात गुटी कलम आहे, मंडळी! डाळिंबवाल्यांनी कान द्यावा. तो सांगतो, तळाला भोक असलेलं भांडं किंवा टोपली घ्या, झाडाची फांदी त्यातनं वर काढा, माती भरून दाबा आणि झाडावरच राहू द्या. दोन वर्षांनी खालनं फांदी कापा. आणि खड्ड्यात लावताना टोपली असंल तर ती कापा, भांडं असंल तर ते फोडा.

हे 'फोडा' मी वाचलं आणि वहीत लाल पेनानं लिहून ठेवलं. इटलीत पॉम्पेई नावाचं शहर इसवी सन ७९ मधी ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथल्या बागा उकरल्यावर अशी मातीची भांडी सापडली. तळाला एक भोक आणि अंगाला तीन. अंगाची भोकं कशाला? मुळाला बाहेर जायला. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला हे ठाऊक होतं की भांडं झाडाचा मुक्काम आहे, घर नव्हे.

आपले ऊसतोडीला जाणारे लोक कोपीत सहा महिने काढतात. कोपी वाईट नसते, त्या सहा महिन्यांना ती पुरते. पण कोपीत जन्म काढा म्हणलं तर कसं चालंल?

आता आपल्या राज्यात या. कोकणात हापूसची कलमं पूर्वी भेटकलमानं व्हायची. रायवळ आंब्याचं रोप मातीच्या बारक्या कुंडीत वाढवायचं. मग ती कुंडी चांगल्या झाडाच्या फांदीजवळ न्यायची. फांदी उंच असंल तर लाकडाचा मांडव करून त्यावर कुंड्या मांडायच्या. रोपाची आणि फांदीची साल तासून दोघांची भेट घालायची आणि बांधायचं. दोन-अडीच महिन्यांनी सांधा जुळला की फांदी मूळ झाडापासनं तोडायची. यात कुंडी लागते, कारण रोप झाडापर्यंत न्यायचं असतं. एका झाडावर किती कलमं होणार ते फांद्यांवर आणि मांडवावर ठरायचं. काम कष्टाचं, कलम महाग.

मग कोय कलम आलं. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झालं आणि त्यांनी हे तंत्र शेतकऱ्यांपर्यंत पसरवलं. कोय रुजवायची, पंधरा-वीस दिवसांच्या कोवळ्या रोपावर चांगल्या झाडाची काडी पाचर मारून बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत लावायची. झाडाजवळ कुंडी न्यायची गरजच राहिली नाही. काडी रोपाकडं येऊ लागली. एका माणसाच्या हातनं दिवसाला कितीतरी कलमं व्हायला लागली. आज मराठवाड्यात केसरच्या बागा दिसतात त्या याच कामामुळं. कुंभाराची बारकी कुंडी मात्र रोपवाटिकेतनं गेली.

ही पिशवी कुठली? पॉलिथिन हा पदार्थ १९३३ साली इंग्लंडमधी एका रसायन कारखान्यात अपघातानंच सापडला. मोठ्या लढाईनंतर तो स्वस्त झाला. तोवर जगभर रोपांना जे मिळंल ते भांडं होतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या रोपवाटिकावाल्यांनी हॉटेलातले, कारखान्यातले रिकामे पत्र्याचे डबे गोळा करून त्यात झाडं वाढवली. आपल्याकडं डालडा १९३७ साली बाजारात आला. तूप संपायचं, पण पिवळा डबा फेकायचा नाही. आधी त्यात डाळ, मग गंज धरला की अंगणात सदाफुली. आमच्या घरासमोर असे चार डबे होते. आई खिळ्यानं तळाला भोकं पाडायची.

१९७२ च्या दुष्काळानं आपल्या जिल्ह्याला खडी फोडायला लावली. त्याच दुष्काळातनं रोजगार हमी उभी राहिली. पुढं १९९० साली सरकारनं फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली. कोरडवाहू जमिनीवर आंबा, बोर, सीताफळ, चिंच, डाळिंब लावायला मजुरी मिळू लागली. योजना चांगलीच होती, माझ्या चुलत्यानं त्यातच बोरं लावली. पण इतकी रोपं एकदम कुठनं आणायची? काळ्या पिशवीशिवाय ते शक्यच नव्हतं. हलकी, स्वस्त, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत शेकड्यानं बसणारी. पुढं २०१९ च्या एका पावसाळ्यात राज्यानं ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट धरलं होतं. त्यातलं बहुतेक रोप पिशवीतलंच.

तेव्हा पिशवीला शिव्या घालायला मी हे लिहित नाही. पिशवी नसती तर आपल्या माळावर झाडं आली नसती. चूक पिशवीची नाही, मुक्काम लांबवण्याची आहे.

होतं काय ते सांगतो. मूळ सरळ वाढत जातं. गुळगुळीत भिंत लागली की वळतं आणि भिंतीच्या कडेनं फिरायला लागतं. मातीच्या कुंडीतही मूळ फिरतं, नाही असं नाही. पण प्लॅस्टिकच्या भिंतीला ना हवा, ना खरखर, त्यामुळं फेरा जास्त पक्का बसतो. सहा महिन्यांत हे फेरे सुतळीसारखे असतात, हातानं सोडवता येतात. दोन वर्षांत त्याचं लाकूड होतं. मग जमिनीत लावलं तरी जुना फेरा तसाच राहतो आणि जाड होत जातो. वर झाड हिरवं दिसतं, खाली पाया नसतो.

यावरचा उपाय आपल्या मिरचीच्या नर्सरीत रोज दिसतो. प्रो-ट्रेच्या प्रत्येक कप्प्याला खाली भोक असतं आणि कप्पा निमुळता असतो. ट्रे जमिनीपासनं वर मांडला की मूळ खाली उतरतं, हवा लागली की शेंडा वाळतो आणि वरनं बाजूची मुळं फुटतात. फेरा होतच नाही. ट्रे थेट जमिनीवर ठेवला तर मूळ मातीत शिरतं आणि ट्रेचा हा फायदाच जातो. वनविभागाचे रूट ट्रेनर आणि कापडी ग्रो बॅग यांचं गणित हेच. पॉम्पेईच्या भांड्याची तीन भोकं इथं परत आली म्हणा.

आता गच्चीकडं. शहरातली माणसं यात आपल्या पुढं गेलीत. मुंबईत वांद्र्याच्या डॉ. रमेश दोशींनी गच्चीवर पिशव्या, पिंपं, जुने टायर यांत भाज्या-फळं घेऊन दाखवली. भांड्यात बहुतेक भाग उसाच्या चोयट्यांचा, वर थोडी माती आणि खत. २००२ पासनं मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी भाजीच्या देठासालीचं खत करून बाग उभी केली. ऊस तोडतो आपण आणि त्याचा चोथा कामाला लावला मुंबईनं. आपल्या तालुक्यातल्या रसवंतीवर ढीग पडलेला असतो, आपण बघत पुढं जातो.

तर सूनबाईला मी काय सांगितलं? आधी भांडं बघू नको, आधी मुक्काम किती दिवसांचा ते ठरव.

मेथी, कोथिंबीर, पालक चाळीस-पन्नास दिवसांचे पाहुणे. त्यांना वीतभर खोली पुरते. पसरट टब, फुटकी पाटी, फळांचं प्लॅस्टिकचं क्रेट, आत गोणपाट घालून, काहीही चालतं. नवीन खरेदीची गरजच नाही.

मिरची, वांगं, टोमॅटो पाच-सहा महिने राहतात. त्यांना फूटभर तरी खोली हवी. तेलाचा १५ किलोचा डबा वरनं कापला की बरोबर जमतो. तळाला आणि बाजूला तळापासनं दोन बोटं वर भोकं पाडायची. आपल्याकडं एप्रिलमधी पारा बेचाळीसच्या पुढं जातो. पत्रा आणि काळं प्लॅस्टिक पश्चिमेच्या उन्हात इतकं तापतं की कडेची मुळं भाजतात. बाहेरनं चुना मारा किंवा गोणपाट गुंडाळा.

मातीची कुंडी मुळाला सगळ्यात थंड. पण ती अंगातनं पाणी सोडते, म्हणूनच थंड राहते. उन्हाळ्यात तिला दोन वेळा पाणी लागतं. ज्या घरात मार्चनंतर टँकरची वाट बघतात तिथं दहा मातीच्या कुंड्या परवडत नाहीत. दोन ठेवा, सावलीत. बोअरचं पाणी जड असंल तर कुंडीवर पांढरा थर येतो. तो क्षार आहे. पावसाळ्यात कुंडी उघड्यावर ठेवून भरपूर पाणी खालनं जाऊ द्या.

कढीपत्ता आणि लिंबू वर्षानुवर्षांचे. त्यांना कुंडीत डांबू नका. परसात दीड फूट जागा मिळाली तरी जमिनीत लावा. जागाच नसंल तर मोठी कापडी पिशवी घ्या आणि दर दोन वर्षांनी काढून कडेची मुळं छाटा.

माती भरताना दोन चुका सगळेच करतात. पहिली, निव्वळ काळी माती. रानात ती सोनं, भांड्यात वैरी. ओली झाली की गच्च बसते, वाळली की कडेनं सुटते आणि पाणी त्या फटीतनं सरळ खाली जातं. एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग चोयट्या, भुसा किंवा जाड वाळू, असं घ्या. दुसरी चूक, निचऱ्यासाठी तळाला खडीचा थर. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. पाणी गळायचं थांबलं की तोच उभा करा. परत पाणी गळतं. म्हणजे थर जेवढा उथळ तेवढी ओल त्यात धरून राहते. खडी घातली की मातीचा थर उथळ होतो आणि कुजणं वाढतं. भोकावर एक खापरी ठेवा, माती वाहून जाऊ नये म्हणून, तेवढं बस.

दोन गोष्टी कधी करू नका. औषधाचे रिकामे कॅन आणि डबे कितीही धुतले तरी त्यात खायचं पीक लावू नका. आणि दोनशे लिटरचं निळं पिंप ओल्या मातीनं भरून स्लॅबच्या मधोमध ठेवू नका. त्याचं वजन तीनशे किलोच्या पुढं जातं. ठेवायचंच तर भिंतीच्या किंवा बीमच्या वर.

हे झालं गच्चीचं. आता या महिन्यात फळझाडं लावणाऱ्यांसाठी, कारण मला खरं सांगायचं होतं ते हे.

रोप उंचीवर घेऊ नका. एक पिशवी फाडून बघू द्या म्हणा. पैसे तिचे देऊन टाका. मुळं पांढरी आणि सुटी असतील तर घ्या. तळाला तपकिरी चुंबळ झाली असंल तर फुकट दिलं तरी नको. एका वर्षाच्या आतलं रोप घ्या. लावताना पिशवी पूर्ण काढा. नुसता तळ कापून खड्ड्यात ठेवलेली रोपं मी पाहिलीत, ती जगली तरी उभी राहत नाहीत. कडेला बारीक फेरे दिसले तर धारदार विळ्यानं गोळ्याला वरनं खाली तीन-चार चिरा द्या, बोटभर खोल नाही, नखभर. भर पावसात केलं तर झाड ते सोसतं.

आणि ज्यांना दोन वर्षं थांबता येतं त्यांनी जागेवरच कोय लावावी आणि तिथंच कलम करावं. कोरडवाहूला याच्यासारखं दुसरं नाही. आपल्या बालाघाटच्या डोंगरात सीताफळ कुणी पिशवीतनं नेऊन लावलं? बी पडलं, मूळ खडकाच्या फटीत गेलं, झाड उभं आहे.

माझ्या पडलेल्या ११ आंब्यांच्या जागी मी २०१८ साली कोया लावल्या आणि पुढच्या वर्षी जागेवर कलमं केली. दोन कोया उगवल्या नाहीत, त्या परत लावल्या. आज ती झाडं जुन्या ४९ पेक्षा बुटकी आहेत. पण वारं सुटलं की मी आता त्या ४९ कडं बघतो, या ११ कडं नाही.

सूनबाईनं तेलाचे सहा डबे आणि दोन जुने माठ काढलेत. खिळा आणि हातोडी मागून नेली आत्ताच. भोकं पाडायचा आवाज येतोय.